हेड पॅकिंग ६० तासांत परत गेलं: ३ सिलिंडर डिझेलचं हेड बसवण्याआधी काय काय तपासायचं?

काळीमाती

ट्रॅक्टरचं इंजिन आहे. ३ सिलिंडर, २५०० सीसी, डायरेक्ट इंजेक्शन, बोअर ९१.४ आणि स्ट्रोक १२७ मिमी, हेड ओतीव लोखंडाचं. रोटाव्हेटरला लावलं की अर्ध्या तासात तापमानाचा काटा लाल पट्टीत जातो. थंड इंजिनवर रेडिएटरचं झाकण काढून चालू केलं तर पाण्यात सतत बुडबुडे येतात. ऑइल दुधाळ झालेलं नाही. हेड पॅकिंग (हेड आणि ब्लॉकच्या मधलं गॅस्केट) ६० तासांपूर्वी नवीन टाकलं होतं. तेव्हा हेड पुसून तसंच बसवलं, मापं कसलीच घेतली नव्हती. पाणी बोअरवेलचं, कूलंट नाही.

आता हेड खाली उतरवलंय. पॅकिंग २ आणि ३ नंबरच्या मधे जळलंय आणि ३ नंबरच्या रिंगपासून पाण्याच्या भोकापर्यंत काळी रेघ आहे. व्हॉल्व्ह अजून काढलेले नाहीत. हेड शॉपमध्ये द्यायच्या आधी घरी काय मोजावं, शॉपमध्ये काय सांगावं आणि बसवताना क्रम काय ठेवावा? टॉर्क पाना (ठरावीक जोराने नट आवळायचा) आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) आहे.

जुनापाना

बोअर-स्ट्रोकवरून हे पर्किन्सच्या ३.१५२ घराण्यातलं इंजिन दिसतं. ३ सिलिंडर आणि १५२ घन इंच, म्हणून ते नाव. चेन्नईच्या सिम्प्सनमुळे ते आपल्याकडे रुळलं. त्यामुळे सुटे भाग आणि मापं दोन्ही मिळतील. तरी शेवटचा आकडा तुमच्या इंजिन नंबरच्या पुस्तकातलाच धरा, कारण या घराण्यात पुढे बरेच फरक झाले आहेत.

पॅकिंग स्वतःहून सहसा जळत नाही. कुठेतरी दाब कमी पडतो, तिथून गॅस वाट काढतो आणि तीच वाट जाळत जातो. दाब कमी पडायची कारणं मोजकी आहेत: हेडचा फेस (पॅकिंग टेकतं ती सपाट बाजू) वाकलेला, ब्लॉकचा फेस खचलेला, लायनरची (सिलिंडरमधल्या नळीची) कॉलर खाली बसलेली, स्टड (हेड धरणारे आटेदार दांडे) ताणलेले, किंवा गरम केल्यावर नट परत न ओढलेले. पाचही तपासल्याशिवाय तिसरं पॅकिंग आणू नका.

आधी सफाई. फेसवरचं जुनं पॅकिंग पितळी किंवा लाकडी पट्टीने खरवडा. अँगल ग्राइंडरला लावायची अपघर्षक चकती हेडवर फिरवू नका. चकतीने दोन भोकांमधली चिंचोळी पट्टी आधी खाल्ली जाते, आणि गॅस अडवायचा असतो तो तिथेच. ब्लॉक साफ करताना सिलिंडरमध्ये आणि पाण्याच्या भोकांत चिंध्या कोंबा.

मग सरळ पट्टी. स्टीलची साधी फूटपट्टी चालत नाही, ग्राइंड केलेली जाड सरळ कड हवी. नसेल तर हेड शॉपमधून तासाभरासाठी मागून आणा. लांबीत तीन जागी, रुंदीत प्रत्येक दोन सिलिंडरच्या मधे आणि दोन्ही कर्णांवर ठेवा, खाली फिलर घालून बघा. या हेडला रुंदीत ०.०८ आणि लांबीत ०.१५ मिमीपर्यंत चालतं. त्याहून जास्त असेल तर फेस मारावा, म्हणजे मशीनवर कापून सपाट करावा लागेल. हीच पट्टी ब्लॉकवरही ठेवा. लोक हेड मोजतात, ब्लॉक मोजत नाहीत. स्टडच्या भोकाभोवती धातू वर ओढला जाऊन बारीक उंचवटा तयार होतो. पॅकिंग त्या उंचवट्यावर टेकतं आणि शेजारी पोकळ राहतं. स्टड काढून भोकाच्या तोंडाला हलका चॅम्फर (तिरपी कड) मारला की तो जातो.

लायनरच्या कॉलरवर पट्टी धरा. कॉलर ब्लॉकच्या पातळीखाली गेलेली नको आणि तिन्ही सिलिंडरमध्ये फरक नको. ज्या इंजिनांत लायनरला थेट पाणी लागतं त्यांत कॉलर मुद्दाम वर ठेवलेली असते, बहुधा ०.०५ ते ०.१५ मिमी. तुमच्या ब्लॉकमध्ये कोणत्या प्रकारचे लायनर आहेत ते बघून पुस्तकातला आकडा घ्या.

शिवारगाडी

एवढ्या मापांची गरज नसते. जाड काचेवर एमरी पेपर चिकटवून हेड आठच्या आकारात घासा, प्लेन होतं. पॅकिंगला दोन्ही बाजूंनी सिल्व्हर पेंट मारून बसवा, गळत नाही.

सीटकटर

@शिवारगाडी, एका सिलिंडरच्या पंपाचं छोटं हेड काचेवर घासून निभतं. तीन सिलिंडरचं लांब, जड हेड हाताने घासताना दोन्ही टोकांना जास्त दाब येतो. टोकं झिजतात आणि फेस घुमटासारखा होतो. पट्टी ठेवलीत की ती मधल्या भागावर डुलेल. सिल्व्हर पेंटचंही तसंच. हे पॅकिंग कोरडंच बसवायचं असतं. पेंटचा थर गरम झाल्यावर दबतो, तेवढा नटांचा ताण उतरतो. पेंट कोपऱ्यात साचून ऑइलचं बारीक भोक बुजलं तर रॉकर शाफ्ट (व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर ज्यावर डुलतात तो दांडा) कोरडा पडेल, ते वेगळंच. काळजीने सांगतो, या हेडवर हे करू नका.

@काळीमाती, हेड शॉपला क्रम ठरवून सांगा. क्रम चुकला तर एकच काम दोनदा करावं लागतं.

पहिलं काम प्रेशर टेस्ट, पैसे खर्च करायच्या आधी. पाण्याच्या भोकांना रबर आणि प्लेट लावून आत हवा देतात आणि हेड गरम पाण्यात बुडवतात. २ ते ३ किलो दाब पुरतो. पाणी गरमच हवं, कारण थंड हेडमधली केसासारखी चीर मिटलेली असते आणि तापल्यावरच उघडते. चीर बहुतेक इनटेक आणि एक्झॉस्ट सीटच्या (व्हॉल्व्ह टेकतो त्या कडांच्या) मधल्या पुलावर किंवा इंजेक्टरच्या भोकाजवळ सापडते. दोन सीटमधली वरवरची चीर पाण्यापर्यंत पोचलेली नसेल तर काही शॉप ती स्वीकारतात. टेस्टमध्ये बुडबुडा आला तर मात्र ते हेड सोडा. ओतीव लोखंडाचं वेल्डिंग सगळं हेड सावकाश तापवून आणि तितकंच सावकाश थंड करूनच टिकतं. रस्त्याकडेचं वेल्डिंग पहिल्या लोडला उघडतं.

टेस्टच्या आधी वेल्च प्लग (पाण्याच्या पोकळीची पत्र्याची बुचं) काढून आतला क्षार स्वच्छ करून घ्या. बोअरच्या पाण्याचा क्षार एक्झॉस्ट पोर्टभोवती सगळ्यात जाड बसतो, कारण उष्णता तिथे जास्त. वरून हेड थंड वाटतं आणि क्षाराखालचा धातू मात्र तापत राहतो. तुमचं हेड वाकलेलं निघालं तर मला पहिला संशय यावरच येईल. प्लग नवे टाका, जुने ठोकून परत बसवू नका.

नंतर गाइड, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो ती नळी. व्हॉल्व्ह सीटपासून ८-१० मिमी वर उचलून आडवा हलवा, जाणवण्याइतकं डुलत असेल तर डायल लावून मोजा. गाइड ढिला असताना सीट कापून काहीच फायदा नाही. कटरचा पायलट गाइडमध्येच बसतो, त्यामुळे सीट तिरपी कापली जाते. म्हणून गाइड आधी, मग हेडचा फेस, आणि सीट शेवटी.

फेस जास्तीत जास्त किती मारता येतो याला मर्यादा आहे. या हेडला एकूण ०.३० मिमीच्या वर जाऊ नका. जेवढा फेस काढाल तेवढे व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात आणि इंजेक्टरचं नाक तेवढंच जास्त बाहेर येतं. या इंजिनात ज्वलनाचा खड्डा पिस्टनमध्ये आहे, हेड सपाट आहे. म्हणजे वर मोकळी जागा अगदी थोडी.

व्हॉल्व्हची खोली घरीच मोजून ठेवा. हेड उलटं करून व्हॉल्व्ह बसलेले असताना फेसपासून व्हॉल्व्हचं डोकं किती खाली आहे ते डेप्थ गेजने किंवा पट्टी आणि फिलरने बघा. सहाही आकडे इथे टाका.

काळीमाती

मोजलं. लांबीत ०.१० जातो, ०.१५ जात नाही. रुंदीत १ आणि २ च्या मधे ०.०५, २ आणि ३ च्या मधे ०.१२. ब्लॉकवर कुठेच ०.०५ जात नाही, फक्त मागच्या दोन स्टडभोवती उंचवटा आहे. कॉलर तिन्हीकडे सारख्या. व्हॉल्व्हची खोली पुढून मागे: १.०५, १.१०, १.१०, १.१५, १.५०, १.७०. शेवटचे दोन ३ नंबरचे आहेत.

जुनापाना

आकडे बोलतात. लांबीत हेड ठीक आहे, रुंदीत २-३ च्या मधे मर्यादेबाहेर. तिथेच जळलंय. त्यात मागच्या स्टडभोवतीचा उंचवटा, म्हणजे ३ नंबरवर दोन्ही बाजूंनी दाब कमी पडला. ०.१५ मिमी फेस मारला की हेड सरळ होईल.

थर्मोस्टॅटही बघून घ्या. तो काढून टाकला असेल तर ती इंजिनाची सोय नव्हे. थर्मोस्टॅट नसला की पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरमध्ये न जाता बायपासने फिरून परत येतो आणि लोडवर काटा वर चढतो. पातेल्यात पाणी तापवून त्यात सोडा, ८० ते ८२ अंशांच्या आसपास उघडू लागला पाहिजे. फॅनचा पट्टा आणि रेडिएटरच्या जाळीत अडकलेलं भुसकट, हेही याच वेळी. रोटाव्हेटरमागे उडणारी धूळ जाळी पंधरवड्यात बुजवते. हवा इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला मारा.

सीटकटर

३ नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह खाली गेलेत, याचा अर्थ त्या सीट पूर्वी कोणीतरी जास्त कापल्यात किंवा तापून बसल्यात. अर्धा मिमी ऐकायला किरकोळ वाटतो, पण हिशेब करा. एका सिलिंडरची पिस्टनने ढकललेली जागा ८३४ सीसी, आणि वर दाबली जाऊन उरणारी ५० सीसीच्या आसपास. दोन्ही व्हॉल्व्ह ०.५ मिमी खाली गेले की त्यात साधारण सव्वा सीसी वाढते. कॉम्प्रेशन तेवढं उतरतं. थंडीत सकाळी एक सिलिंडर उशिरा पेटतं, पांढरा धूर येतो आणि लोक डिझेल पंपाला दोष देतात.

म्हणून ३ नंबरला दोन्ही सीट इन्सर्ट (सीटच्या वेगळ्या रिंगा) टाका. इन्सर्टचा खड्डा मशीनवरच कापायचा. इन्सर्ट बर्फात किंवा नायट्रोजनमध्ये थंड करून एका दमात दाबायचा. हातोड्याने तिरपा गेला तर खड्ड्याची कड खरचटते आणि काही तासांत इन्सर्ट सुटतो. सुटलेला इन्सर्ट पिस्टन घेऊनच जातो. बाकीचे चार व्हॉल्व्ह फेस मारल्यावर ०.९० ते १.०० च्या दरम्यान येतील. पुस्तकातल्या किमान खोलीशी ते ताडून बघा, कमी पडले तर सीट किंचित कापून खाली घ्यावे लागतील. सहाही एकमेकांच्या जवळ असावेत. आणि ही खोली नव्या फेसपासूनच मोजायची, जुन्या आकड्यातून वजाबाकी करून नाही.

सीट ४५ अंशांची. व्हॉल्व्ह आणि सीट टेकतात ती पट्टी दीड ते दोन मिमी रुंद आणि व्हॉल्व्हच्या उताराच्या मध्यावर असावी. रुंद झाली तर काजळी चिकटून धरते, फार अरुंद झाली तर व्हॉल्व्हची उष्णता सीटमध्ये उतरत नाही आणि कड जळते. एक्झॉस्टला हे जास्त लागू. ग्राइंड केल्यावर डोक्याची सरळ कड ०.८ मिमीपेक्षा पातळ राहिली तर व्हॉल्व्ह बदला. तशी कड तापून लाल होते.

लॅपिंगची (व्हॉल्व्ह सीटवर घासायची) पेस्ट थोडीच घ्या, आधी जाड मग बारीक, मधूनमधून व्हॉल्व्ह उचलून जागा बदला. सलग राखाडी कडं दिसलं की थांबा. जास्त घासलं की सीटला खोबण पडते. नंतर केरोसीनने इतकं धुवा की पांढऱ्या फडक्यावर करडा डाग उठू नये. गाइडमध्ये राहिलेली पेस्ट गाइड खात राहते. व्हॉल्व्हवर नंबर टाका, ज्या सीटवर घासला त्याच सीटला तो जायला हवा.

स्प्रिंग काचेवर उभ्या करून शेजारी शेजारी बघा. जी बुटकी आहे किंवा गुण्याला (काटकोनाला) लावल्यावर झुकलेली दिसते ती बाद. दांड्याला ऑइल लावून व्हॉल्व्ह घाला, सील नवे, स्प्रिंग, कप, लॉक. लॉकच्या दोन्ही अर्ध्या सारख्या पातळीवर बसल्यात का ते बघून दांड्याच्या टोकाला प्लास्टिकच्या हातोडीने एक टोला द्या. नीट न बसलेला लॉक आत्ताच बाहेर येईल. त्या वेळी चेहरा वर नको, स्प्रिंग डोळ्याला लागते.

शेवटी पोर्टमध्ये केरोसीन ओतून पाच मिनिटं थांबा. व्हॉल्व्हच्या कडेने ओल आली तर तो परत काढा. गाइड आणि इन्सर्ट टाकल्यामुळे प्रेशर टेस्टही दुसऱ्यांदा करून घ्या.

पंपनोझल

इंजेक्टरबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. प्रत्येक भोकात तांब्याचं वॉशर एकच असतं. जुनं तळाशी चिकटून राहतं, वरून नवं टाकलं जातं आणि दोन होतात. मग नाक हेडच्या आत राहतं, डिझेलचा फवारा पिस्टनच्या खड्ड्याऐवजी कडेवर आदळतो, काळा धूर येतो. बॅटरी लावून भोकात बघा. उलट, वॉशर नसेल तर गॅस वर येतो आणि इंजेक्टर भोकात इतका भाजून बसतो की पुढच्या वेळी निघत नाही. वॉशर नवीन घ्या. खरंच अडलं तर जुनं लाल तापवून पाण्यात टाका, तांबं मऊ होतं.

इंजेक्टरचे दोन नट आलटून पालटून, थोडे थोडे. एकूण १६ न्यूटन मीटर म्हणजे १२ फूट-पाउंडच लागतात. जोर लावला तर इंजेक्टरची बॉडी पिळवटते आणि आतली सुई अडकते. तीन इंजेक्टर टेस्टरवर बघूनच लावा. गळणाऱ्या नोझलने पिस्टन तापतो आणि दोष पुन्हा पॅकिंगवर जाईल.

चालू इंजिनवर पाइपचा नट सैल करून सिलिंडर तपासायची सवय असेल तर फडकं आडवं धरा, बोट कधीच जवळ नेऊ नका. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं. तसं झालं तर जखम टाचणीएवढी दिसली तरी त्याच दिवशी, ताबडतोब दवाखाना.

जुनापाना

आता बसवणं. स्टडचे आटे तारेच्या ब्रशने साफ करा. नट हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे. मधेच जड होत असेल तर आटे ताणले गेलेत, तो स्टड बदला. भोकांतलं पाणी आणि ऑइल हवा मारून काढा. बंद भोकात द्रव राहिला आणि वरून स्टड पिळला तर ब्लॉकला चीर जाते. पॅकिंगवर वरची आणि पुढची बाजू छापलेली असते, तशीच ठेवा आणि पाण्याची, ऑइलची भोकं वरून जुळवून बघा. हेड दोघांनी उचलून सरळ खाली सोडा. एका बाजूने टेकवून सरकवलं तर पॅकिंगची रिंग दुमडते.

नटाच्या आट्यांना आणि वॉशरला इंजिन ऑइलचा हात. मधल्या नटापासून सुरू करून गोल गोल बाहेर. तीन फेऱ्या: ४०, ६०, ८१ न्यूटन मीटर. शेवटचा आकडा म्हणजे ६० फूट-पाउंड. पाना सावकाश, एका ओढीत. थांबून परत ओढलं तर अडकलेल्या नटाचं खोटं माप मिळतं.

पुशरॉड (रॉकरला खालून ढकलणारे दांडे) काचेवर लोळवून बघा, वाकलेले बदला. रॉकरचं टोक खड्ड्यासारखं झिजलं असेल तर फिलरची सपाट पाती त्या खड्ड्यावरून जाते आणि गॅप प्रत्यक्षात जास्त राहतो. ते टोक ग्राइंड करून घ्या.

टॅपेट (रॉकर आणि व्हॉल्व्हमधला गॅप) थंड इंजिनवर ०.३० मिमी, गरम इंजिनवर ०.२५. तीन सिलिंडरमध्ये जोडीचं सिलिंडर नसतं, म्हणून चार सिलिंडरची 'एक डुलतो तेव्हा दुसरा सेट कर' ही युक्ती इथे लागू नाही. त्याऐवजी असं करा: इंजिन हाताने फिरवा, ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट नुकताच उघडू लागला त्याचा इनटेक सेट करा. पुढे फिरवत राहा, त्याच सिलिंडरचा इनटेक पूर्ण उघडून बंद होत आला की एक्झॉस्ट सेट करा. फायरिंग १-२-३, दर २४० अंशांनी पुढचं सिलिंडर. सगळं झाल्यावर इंजेक्टर लावायच्या आधी क्रँक दोन पूर्ण फेऱ्या हाताने फिरवा. कुठे अडलं तर थांबा, जोर नको.

काळीमाती

सीट आणि फेससाठी हेड शॉपला दिलं. दोन शंका. गरम करून नट परत ओढायचे तर सगळे सैल करून का? आणि पाण्यात काय टाकायचं?

जुनापाना

सगळे एकदम सैल करायचे नाहीत, तसं केलं तर पॅकिंग उठतं. पहिल्यांदा चालू केल्यावर मिनिटभरात रॉकरवर ऑइल येतंय ना ते झाकण काढून बघा. मग लोड न देता थर्मोस्टॅट उघडेपर्यंत तापू द्या आणि बंद करा. त्याच क्रमाने एकेक नट घ्या. ८१ वर पाना मारल्यावर नट हलला तर उत्तम. नाही हलला तर तो एकच नट नटाच्या एका सपाट बाजूइतका, म्हणजे जास्तीत जास्त ६० अंश, मागे घ्या आणि परत ८१ वर आणा. शेवटचा झाल्यावर पहिले दहा नट मागे न घेता पुन्हा तपासा. पॅकिंग दबल्याने हेड किंचित खाली येतं आणि टॅपेटचा गॅप कमी होतो, म्हणून त्यानंतर सगळे टॅपेट पुन्हा. २५ ते ५० तासांनी हे सगळं परत एकदा. ६० तासांत गेलेल्या पॅकिंगच्या वेळी हे झालं होतं का, ते आठवून बघा. नव्या इंजिनांतल्या स्टीलच्या पॅकिंगला आणि अंशांनी पिळायच्या बोल्टना हा नियम नाही, त्यांना नंतर हात लावायचा नसतो.

पाणी डिस्टिल्ड किंवा स्वच्छ गाळलेलं पावसाचं. कूलंट तिसरा हिस्सा ते निम्मं, डब्यावर लिहिलं असेल तसं. काही डबे आधीच पाणी मिसळलेले असतात, त्यात आणखी पाणी घालू नका. भरताना हेडमधली हवा निघू द्या, पाच मिनिटं चालवून पातळी परत बघा. शेतात काटा चढला तर रेडिएटरवर किंवा हेडवर गार पाणी ओतायचं नाही. लोड काढा, इंजिन हळू चालू ठेवा, काटा उतरू द्या, मग बंद करा.

सीटकटर

हेड परत आणताना शॉपकडून तीन आकडे कागदावर घ्या: फेस किती मारला, सहाही व्हॉल्व्हची नवी खोली, आणि प्रेशर टेस्ट किती किलोवर झाली. घरी आल्यावर सरळ पट्टी पुन्हा एकदा ठेवा. गाडीत हेड फेस खाली करून आणू नका, दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवा. फेसला ऑइलचा हात मारून पॉलिथिनमध्ये गुंडाळा, पावसाळी हवेत तासाभरात गंज धरतो. बसवायच्या आधी ते ऑइल थिनरने पूर्ण पुसून काढायचं.